चूक न काढणारा श्रोता



या सदरात मी बहुधा दुकानाच्या उंबरठ्यावरून दिसणारे जग मांडत आलो आहे. मागील अंकात भावाभावांतील भागीदारीविषयी लिहिले, त्यावर अनेक वाचकांची पत्रे आली. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. शाळेच्या ग्रंथालयातील गोष्टीच्या तासाला आणलेल्या एका कुत्रीविषयी मी लिहिणार आहे. हे वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटेल. माझ्याही उमटली होती, आणि म्हणूनच हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

मी ज्या शाळेच्या समितीवर आहे, तेथे दर शनिवारी पहिली ते चौथीच्या मुलांसाठी गोष्टीचा तास असतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या सभेत ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंनी एक अर्ज ठेवला. या तासाला महिन्यातून दोनदा एक प्रशिक्षित कुत्री आणण्याची परवानगी त्यांना हवी होती. कुत्री गावातल्याच एका निवृत्त बँक अधिकारी भगिनींची. लॅब्रेडोर जातीची, सहा वर्षांची, नाव राणी. ज्या मुलांना चारचौघांत मोठ्याने वाचण्याची भीती वाटते, त्यांनी एकेकट्याने तिच्याशेजारी सतरंजीवर बसायचे आणि तिला गोष्ट वाचून दाखवायची, एवढीच योजना होती.

सभेत प्रथम शांतता पसरली, मग हसू फुटले. "कुत्र्याला गोष्ट काय कळणार?" असे कोणीतरी म्हणाले. ते कोणीतरी मीच होतो.

हसणे ओसरल्यावर आक्षेप सुरू झाले. एका सदस्यांनी शुचितेचा मुद्दा काढला. ग्रंथालय हे सरस्वतीचे, आपल्या भाषेत जिनवाणीचे स्थान. तेथे कुत्रे कसे? दुसऱ्या ज्येष्ठांनी शास्त्राधार दिला. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा खरकर्मांत 'असतीपोष' येतो, म्हणजे हिंसक प्राणी पोसून त्यांवर उपजीविका करणे. तेव्हा हा मार्ग आपला नव्हे. तिसऱ्यांनी चावण्याची आणि रेबीजची भीती बोलून दाखवली. बाईंनी सर्वांचे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अण्णा, गोष्ट तिला कळावी म्हणून वाचायची नाही. मुलाला वाचता यावं म्हणून ती ऐकणार आहे." विषय पुढील सभेवर ढकलला गेला.

निघताना बाईंनी माझ्या हाती माहितीचे काही कागद दिले. ते मी रात्री दुकान बंद केल्यावर वाचले. ही कल्पना आजची नाही. बोरिस लेव्हिन्सन नावाचे एक अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे येणारे एक अबोल मूल त्यांच्या 'जिंगल्स' नावाच्या कुत्र्याशी मात्र मोकळे झाले. कुत्रा उपचारात सहकारी होऊ शकतो, असा लेख त्यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांची थट्टाच केली. पुढे 1983 मध्ये काही अमेरिकन संशोधकांनी मोठ्याने वाचणाऱ्या मुलांचा रक्तदाब मोजला. मोठ्याने वाचताना रक्तदाब वाढतो. परंतु खोलीत एखादा स्नेहाळ कुत्रा असला तर तो त्यामानाने कमी राहतो, असे त्यांना दिसले. आणि 1999 मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे, उपचारासाठी प्राणी नेणाऱ्या एका संस्थेने, सँडी मार्टिन या परिचारिकेच्या कल्पनेतून, सार्वजनिक ग्रंथालयात मुलांनी कुत्र्यांना वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू केला. त्या उपक्रमातील पहिल्या कुत्र्यांत 'ऑलिव्हिया' ही त्यांचीच कुत्री होती. तेथून हा प्रघात अनेक देशांत पसरला. आपल्याकडेही मुंबई-पुण्यात प्राण्यांच्या साहाय्याने उपचार करणाऱ्या संस्था काही वर्षांपासून काम करीत आहेत. राणीचे प्रशिक्षण अशाच एका ठिकाणी झाले होते.

कागद मी वाचले, परंतु मत बदलले नाही. वाचलेल्या कागदाने व्यापाऱ्याचे मत सहसा बदलत नाही. ते बदलले दुसऱ्याच एका कागदाने.

माझा नातू त्याच शाळेत तिसरीत होता. मुलगा हुशार. दुकानात आला की हळदीची हळकुंडे हातात घेऊन माल जुना की नवा ते सांगे. तोंडी हिशेब पक्का. परंतु पुस्तक समोर आले की त्याची वाचा बसे. जोडाक्षर दिसले की तो थांबे. थांबला की वर्गातले कोणी हसे. हसले की पुढचे सोपे शब्दही हरवत. पाठशाळेत णमोकार मंत्र आणि स्तुती त्याला मुखोद्गत होत्या, पण पुस्तकातून वाच म्हटले की पोटात दुखू लागे. आमच्याकडे हरिपूरला पूर्वी हळद पेवात साठवत. जमिनीखाली माल भरलेला असे आणि वर तोंड बंद. नातवाचे तसे झाले होते. आत सर्व होते, तोंड उघडत नव्हते.

ते उघडण्याचे काम मी अंगावर घेतले. रोज संध्याकाळी अर्धा तास मी त्याला समोर बसवून वाचून घेत असे. आम्ही अडत्ये लोक. रोजमेळ जुळल्याशिवाय रात्री गादीवरून उठायचे नाही, चार आण्यांचा फरक असला तरी शोधायचा, ही शिकवण मला वडिलांनी दिली आणि त्या शिकवणीने आमचे घर उभे राहिले. चूक ज्या क्षणी दिसेल त्या क्षणी पकडावी, हा माझा स्वभावच झाला. तोच स्वभाव घेऊन मी नातवासमोर बसलो. शब्द चुकला की मी म्हणे, "पुन्हा." आवाज चढवत नसे, मारणे तर दूरच. फक्त "पुन्हा." मला वाटे, मी किती शांतपणे शिकवतो आहे!

त्या सभेनंतर दोन-तीन दिवसांनी त्याचे मराठीचे पुस्तक माझ्या हाती आले. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या. चार उभ्या आणि पाचवी त्यांना छेदणारी. गोदामात पोती मोजताना आमचा मुनीम मारतो तशा. एकूण 37 रेघा. मी कौतुकाने विचारले, "काय मोजलंस रे एवढं?" तो आधी बोलेना. मग हळूच म्हणाला, "आजोबा, काल तुम्ही 'पुन्हा' किती वेळा म्हणालात ते."

हिशेब त्याने बरोबर ठेवला होता. माझ्याकडूनच तो शिकला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खतावणीतील चूक कागदावर असते. ती खोडली तर कागदाला दुःख होत नाही. मुलाची चूक त्याच्या जिभेवर असते आणि जीभ त्याच्या मनाला बांधलेली असते. वहीला लावलेला नियम मी जिवाला लावला होता. आपल्या समाजातील कितीतरी घरांत हेच चालत असावे. हिशेबात काटेकोर असण्याचा आपला गुण दुकानातून घरी येताना आपण उंबऱ्याबाहेर ठेवत नाही, आणि मग तोच गुण लेकरांना बोचतो.

पुढील सभेत मी अर्जाच्या बाजूने बोललो. तेथे मांडलेला विचार वाचकांसमोरही ठेवतो, कारण आक्षेप घेणारे माझे सहकारी धर्मनिष्ठ होते आणि त्यांच्या प्रश्नांना धर्माच्याच भाषेत उत्तर देणे उचित होते.

तिर्यंच जीव ज्ञानाच्या ठिकाणी येऊ शकतो का? आपल्या समवसरणाच्या वर्णनात बारा सभा सांगितल्या आहेत आणि बारावी सभा तिर्यंचांची आहे. भगवंतांची वाणी तेथे पशुपक्षीही ऐकतात आणि आपापल्या भाषेत समजून घेतात. कुत्रा हा शास्त्रदृष्ट्या संज्ञी पंचेंद्रिय, म्हणजे मन असलेला जीव आहे. भगवान महावीरांच्या जिवाला सिंहाच्या पर्यायात चारण मुनींच्या उपदेशाने बोध झाला, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्याहून जवळचे उदाहरण जीवंधरकुमारांचे. यज्ञासाठी ठेवलेल्या अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेस्तोवर मारले होते. जीवंधरांना त्याचे प्राण वाचवता आले नाहीत, तेव्हा त्यांनी त्याच्या कानाशी बसून णमोकार मंत्र म्हटला. तो जीव मरून सुदर्शन नावाचा यक्ष झाला आणि कृतज्ञतेने जीवंधरांच्या साहाय्याला आला. वादीभसिंह सूरींच्या 'क्षत्रचूडामणी'त ही कथा विस्ताराने आली आहे. धर्माच्या योगे कुत्राही देव होतो आणि पापाच्या योगे देवही कुत्रा होतो, असे समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त म्हटले आहेच. कुत्र्याशेजारी बसून काहीतरी मोठ्याने म्हणणे आपल्या परंपरेला परके नाही, एवढे तरी यावरून मान्य व्हावे. राणी ग्रंथालयात आली म्हणजे तिला मोक्षमार्ग गवसेल, असा माझा दावा नाही.

असतीपोषाचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. त्याचा रोख प्राण्यांवर पोट भरण्याकडे आहे. म्हणून आम्ही ठरवले की, शाळेने कुत्रा विकत घ्यायचा नाही, पाळायचा नाही आणि या उपक्रमासाठी कोणाला पैसेही द्यायचे नाहीत. एका घरात आधीपासून असलेला प्राणी स्नेहापोटी पाहुणा म्हणून येईल. शाळेच्या आवारात त्याला पाण्याखेरीज काही दिले जाणार नाही. ज्येष्ठ सदस्य यावर समाधानी झाले असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी विरोध मागे घेतला.

मग कुत्रीच्या बाजूने कोण बोलणार, असा प्रश्न आला. तेथे 'तत्त्वार्थसूत्रा'ने वाट दाखवली. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हेच पाच आम्ही नियम म्हणून लिहून काढले. बंध: पट्टा राणीच्या पालकांच्या हाती सैल राहील, तिला खांबाला बांधायचे नाही, आणि उठून जावेसे वाटले तर जाऊ द्यायचे. वध: टपली मारणे, कान-शेपूट ओढणे, अंगावर बसणे वर्ज्य. छेद: शोभेसाठी ज्यांचे कान-शेपूट कापले आहे असे प्राणी पुढेही निवडायचे नाहीत, म्हणजे त्या प्रथेला आपले उत्तेजन नको. अतिभारारोपण: एका वेळी एकच मूल, पंधरा मिनिटे, एका शनिवारी चार मुलांहून अधिक नाहीत. अन्नपाननिरोध: पाण्याचे भांडे सतत जवळ, आणि उन्हाळ्यात तास सकाळीच. शास्त्रातील शब्द इतके नेमके कामास येतील, असे मला आधी वाटले नव्हते. पाठांतराचे शब्द प्रसंग आला म्हणजे जागे होतात.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम निराळे केले. रेबीजची लस दरवर्षी, जंतांचे औषध वेळेवर आणि पशुवैद्यांचे प्रमाणपत्र समितीकडे. पालकांची लेखी संमती असल्याशिवाय कोणत्याही मुलाला बसवायचे नाही. ज्याला कुत्र्याच्या केसांनी शिंका किंवा दम्याचा त्रास होतो, किंवा ज्याला मुळातच कुत्र्याची भीती वाटते, त्याला आग्रह करायचा नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या खोलीत बाई स्वतः ऐकायला बसतील. वाचन झाल्यावर साबणाने हात धुवायचे. आणि पहिल्याच दिवशी मुलांना एक गोष्ट ठासून सांगायची: राणी ओळखीची आहे, रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा तसा नसतो. अनोळखी, खात असलेल्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नये. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर घरात लपवू नये. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट असले काही जखमेवर भरू नये. हळदीचा व्यापारी असूनही हे मी मुद्दाम लिहितो.

डिसेंबरातील पहिल्या शनिवारी समितीचा सदस्य या नात्याने पाहणी करण्यास मी गेलो आणि कपाटाआड उभा राहिलो. नातवाचा क्रमांक तिसरा होता. सतरंजीवर राणी पुढचे पाय पसरून पडली होती, शेजारी तिच्या पालक भगिनी. नातू बसला, त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चिमणी-कावळ्याची गोष्ट उघडली. पहिली दोन वाक्ये कशीबशी झाली. मग 'मुसळधार' हा शब्द आला आणि तो थांबला.

कपाटाआड माझ्या ओठांवर शब्द आलाच होता. मी तो गिळला. ग्रंथालयात काही क्षण पंख्याचा तेवढा आवाज येत होता. कोणी हसले नाही, कोणी शब्द सुचवला नाही. राणीने एक जांभई दिली आणि डोके त्याच्या गुडघ्याला टेकवले. त्याने अक्षरांवर बोट ठेवले, पुन्हा ठेवले आणि शब्द पूर्ण उच्चारला. तेव्हा त्या भगिनी म्हणाल्या, "राणीला मुसळधार म्हणजे काय ते माहीत नाही. सांगतोस का तिला?" नातू कुत्रीच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "खूप पाऊस. आपल्या कृष्णेला पूर येतो ना, तसला."

आजवर त्याला सर्वांनी शिकवले होते. त्या दिवशी प्रथमच तो कोणाला तरी शिकवत होता. या पद्धतीची सारी किल्ली येथे आहे, असे मला वाटते. मूल चुकले तर मोठा माणूस 'तू चुकलास' असे म्हणत नाही. 'हिला समजले नाही' असे म्हणतो. अज्ञानाचा भार कुत्री आपल्या पाठीवर घेते, आणि तिला तो जड होत नाही.

मार्चअखेर असे आठ शनिवार झाले. नातू त्यांतील पाचांना बसला. चमत्कार झाला असे लिहून वाचकांची दिशाभूल करणार नाही. तो आजही अडखळतो. जोडाक्षरे त्याला आजही हळूच ओलांडावी लागतात. परंतु वाचायच्या दिवशी पोटात दुखणे थांबले आणि शिक्षिकेने नाव घेतल्यावर तो उभा राहू लागला. संशोधनाचेही म्हणणे असेच मोजूनमापून आहे. या विषयावरील अभ्यासांचा एकत्र आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या वाचनावर या उपक्रमांचा अनुकूल परिणाम दिसतो असे म्हटले आहे, पण यातील बहुतेक अभ्यासांची पद्धत भक्कम नाही, हेही त्यात स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा कुत्री म्हणजे औषध नव्हे. शिक्षकाची जागा ती घेत नाही. ज्या मुलाला अक्षरे ओळखण्यातच सातत्याने अडचण येते, त्याला तज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. राणीने केले ते एवढेच की, ती थांबली आणि तिने ऐकले.

या वर्षी उपक्रम चालू ठेवावा की नाही, यावर पुढील महिन्यात मतदान आहे. एक मत कमी पडण्याची शक्यता मला दिसते. पडले तर वाईट वाटेल, पण आमच्या घरापुरता निर्णय झालेला आहे. संध्याकाळी दुकानातून आल्यावर पंधरा मिनिटे मी सतरंजीवर बसतो आणि नातू वाचतो. त्या वेळात मला बोलण्याची परवानगी नाही. फक्त एखादा शब्द मला समजला नाही असे म्हणण्याची मुभा आहे, आणि आश्चर्य असे की, खरोखरच काही शब्द मला समजत नाहीत. परवा त्याने मला 'छायाचित्रण' आणि 'प्रकाशचित्रण' यांतला फरक समजावला. त्याचे म्हणणे मला पटले नाही. मी गप्प राहिलो.

जीव एकमेकांच्या उपकारासाठी आहेत, हे सूत्र आपण प्रतीकाखाली कोरतो, लग्नपत्रिकेवर छापतो. त्याचा अर्थ मी आजवर असा घेत आलो की मोठ्याने लहानावर, धनवंताने गरजूवर, माणसाने पशूवर उपकार करावा. पांजरपोळीला देणगी दिली की तो पाळला गेला, असे वाटे. उपकार उलट्या दिशेनेही येतो, हे एका कुत्रीने आणि एका नऊ वर्षांच्या मुलाने मला शिकवले.

दशलक्षण पर्व जवळ आले आहे. क्षमावाणीच्या दिवशी लहानांनी मोठ्यांच्या पाया पडून क्षमा मागायची, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. या वर्षी त्या 37 रेघांसाठी मी नातवाची क्षमा मागणार आहे, आणि त्यासाठी त्या दिवसापर्यंत थांबू नये म्हणून येथे लिहून ठेवतो.

हा अंक घरी आला की हा लेख तो मला वाचून दाखवणार आहे. त्यात जोडाक्षरे पुष्कळ आहेत. एका बैठकीत व्हायचा नाही, दोन-तीन संध्याकाळी लागतील. मला घाई नाही.

जय जिनेंद्र.